आधी मूळ

ओकचं बी रुजतं तेव्हा सुरुवातीला वर काहीच दिसत नाही. टोकाकडचं कवच तडकतं, पांढरं मूळ बाहेर येतं आणि सरळ खाली निघतं. थंड प्रदेशातल्या कित्येक जातींचं बी शरदात गळल्यावर काही दिवसांतच मूळ सोडतं. कोंब मात्र पुढच्या वसंतात येतो, आणि मधले काही महिने वरून बघणाऱ्याला ती जागा रिकामीच वाटते. पहिलं पान उलगडेपर्यंत सोटमूळ कोंबाच्या उंचीपेक्षा कितीतरी खोल गेलेलं असतं. बियाची दोन जाड दलं मातीतच राहतात आणि त्यांतल्या साठ्यावर हे सगळं चालतं. शेळीने कोंब खुडला तर दलांच्या बेचक्यातून दुसरा फुटतो, तोही गेला तर कधी तिसरा.

झाडाच्या आयुष्याचा हा क्रम आपण गांभीर्याने घेतला पाहिजे. ओक जिथला आहे तिथे तो पुन्हा उभा करायचा असेल, तर बी जागेवर पेरणं हा पहिला मार्ग आणि रोपवाटिकेतलं रोप हा दुसरा, अडचणीतला मार्ग असायला हवा. सध्या क्रम नेमका उलटा आहे. तो उलटा राहण्याची कारणं वनस्पतिशास्त्रात कमी आणि आपल्या हिशेबाच्या पद्धतीत जास्त आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी बोलतो आहे ते उत्तराखंडातल्या ओकबद्दल. महाराष्ट्रात ओक निसर्गतः उगवत नाही, आणि कुणी तो इथे आणून लावावा असंही मला वाटत नाही. पण मुक्तेश्वर, बिनसर, चोपता अशा ठिकाणी जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या मोठी आहे आणि त्यांतल्या बहुतेकांनी बांज या तिथल्या ओकच्या सावलीत विसावा घेतलेला असतो. साधारण १२०० ते २३०० मीटर उंचीवर हा बांज असतो. पानाची वरची बाजू गर्द हिरवी, खालची पांढुरक्या लवेची. त्याच्या वरच्या पट्ट्यात तिलोंज आणि आणखी वर, थेट झाडांच्या वरच्या हद्दीजवळ, खरसू, हे दोन्हीही ओकच. गावांच्या सर्वांत जवळचा बांजच, त्यामुळे त्याच्यावर भारही सर्वांत जास्त. हिवाळ्यात गुरांचा हिरवा चारा त्याच्या फांद्यांतून येतो, चुलीचं लाकूड त्याचंच, गोठ्यात अंथरायला त्याचाच पाला आणि तोच पाला शेणात कुजून शेताचं खत होतो. बांजाखालची माती काळी, भुसभुशीत, पाणी पिणारी असते. गावांचे नौले आणि धारे, म्हणजे झऱ्याच्या विहिरी आणि वाहते झरे, बांजवनाच्या पायथ्याशी सापडतात ते त्यामुळेच. बांज कापू नका, त्याच्या मुळाशी गार पाणी आहे, अशी विनवणी करणारं लोकगीत उत्तराखंडाच्या कुमाऊं भागात आजही गायलं जातं.

या वनांची जागा मोठ्या प्रमाणावर चीड पाइनने घेतली. इंग्रजी राजवटीत वनखात्याला राळ हवी होती, रेल्वेला स्लीपर हवे होते, आणि दोन्ही चीड देत होता. बांजाला बाजारात भाव नव्हता. गावकऱ्यांना हा फरक बरोबर कळत होता. १९२१ साली कुमाऊंत राखीव जंगलांना आगी लावण्यात आल्या, तेव्हा पेटली ती प्रामुख्याने चीडची वनं. रुंद पानांची बांजवनं लोकांनी जाळली नाहीत, हे रामचंद्र गुहांनी आपल्या चिपकोवरच्या इतिहासात नोंदवलं आहे. त्या असंतोषातूनच पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावानेच आपलं वन सांभाळण्याच्या संस्थांचे, नियम आले. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. या संस्थेकडे मी लेखाच्या शेवटी परत येणार आहे, कारण बी पेरण्याचं काम करू शकेल अशी तिथे दुसरी संस्था मला दिसत नाही.

आता बांज परत आणायचा म्हणजे काय करायचं? नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. रोपवाटिकेत पॉलिथिनच्या पिशव्या भरायच्या, त्यांत बी टाकायचं, रोप दीड-दोन वर्षं वाढवायचं, जुलैत डोंगरावर खड्डे खणायचे आणि लावायचं. बांज वर हळू वाढतो म्हणून तो पिशवीत जास्त काळ ठेवतात, आणि तेवढा काळ मूळ खाली जात असतं. पिशवीचा तळ लागला की ते वळतं, गोल फिरतं, किंवा पिशवी फोडून जमिनीत शिरतं आणि उचलताना तुटतं. सोटमूळ एकदा तुटलं की त्या जागी बारीक मुळ्यांचा झुपका येतो. सुपीक, ओल्या जमिनीत त्याने फारसं बिघडत नाही. युरोपातले वनाधिकारी रोपांची मुळं मुद्दाम छाटतात आणि त्यांचे ओक वाढतात, हे मला ठाऊक आहे. पण कुमाऊंचा दक्षिणेकडे तोंड असलेला उतार वेगळा आहे. पावसाळा सप्टेंबरात संपतो, हिवाळ्यात थोडा पाऊस किंवा हिम, आणि मग एप्रिल ते जून ऊन, कोरडा वारा आणि वणवा. जुलैत लावलेलं रोप पहिल्या पावसात छान दिसतं. त्याची परीक्षा पुढच्या मे महिन्यात असते, आणि तेव्हा उपयोगी पडते ती मुळाची खोली.

कोरडवाहू शेती करणाऱ्या मराठी माणसाला हे नव्याने सांगायला नको. आंब्याची बाग धरताना गावठी कोय खड्ड्यातच रुजवायची आणि पुढे तिच्यावर जागेवरच कलम बांधायचं, ही पद्धत आपल्याकडे आहे. अखंड सोटमुळाचं झाड दुष्काळात तग धरतं, हेच तिच्यामागचं कारण.

ओकच्या बियाचा दुसरा स्वभावही आपल्या ओळखीचा आहे. ज्वारीसारखं वाळवून कणगीत भरून ठेवावं असं हे बी नव्हे. फणसाच्या आठळीप्रमाणे ते वाळलं की मेलं. ताज्या बियाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि ते ठरावीक पातळीखाली गेलं की जीव जातो. म्हणूनच जगभरच्या बियाणे-बँकांत गव्हाचे हजारो वाण शून्याखालच्या तापमानात सुखरूप असतात, पण ओकचं बी तसं ठेवता येत नाही. खरसूची गोष्ट तर आणखी टोकाची. त्याचं बी ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये पिकतं, आणि कोकणातल्या कांदळवनात जसं बी झाडावरच फुटतं तसं कधीकधी खरसूचंही फांदीवर असतानाच मूळ सोडतं. गळल्यावर त्याच्याकडे फार थोडे दिवस असतात. पाऊस लांबला किंवा बी लवकर पिकलं, तर पाऊस आणि बी यांची सांगड तुटते आणि त्या सालची संपूर्ण पिढी जाते. हवामान बदलत असताना खरसूच्या बाबतीत ही भीती शास्त्रज्ञांनी व्यक्त केली आहे, आणि अनेक खरसूवनांत म्हातारी झाडं भरपूर आणि कोवळी रोपं जवळपास नाहीत, हे दृश्य आजच दिसतं.

बीजगोळे आणि ड्रोनचा उत्साह मला इथे चिंताजनक वाटतो. शाळकरी मुलांनी शेणमातीचे गोळे वळावेत, त्यांना बी ओळखता यावं, इथपर्यंत ते चांगलंच आहे. पण ओकचं बी उघड्या उतारावर वरून टाकणं म्हणजे ते उन्हात वाळत घालणं. बांजाचं बी हिवाळ्यात गळतं आणि पावसाळा तिथून कित्येक महिने दूर असतो. तेवढा काळ ते तगतं ते पाल्याच्या थराखाली, ओलाव्यात, अंधारात. ज्या वनातला सगळा पाला गोठ्यासाठी झाडून नेला जातो तिथे झाडाखाली पडलेलं बीसुद्धा टिकत नाही. ओकला माती पांघरूण म्हणून लागते. हाताने, काठीने किंवा कुदळीच्या टोकाने दोन-तीन बोटं खोल, आणि उंदीर फार असतील तिथे त्याहून खोल पुरलेलं बी हेच खरं पेरलेलं बी.

पुरण्याचं हे काम निसर्गात कोण करतं, हा प्रश्न एका इंग्रज अभ्यासकाला फार पूर्वी पडला होता. क्लेमेंट रीड यांनी १८९९ मध्ये हिशेब मांडला की हिमयुगानंतर ब्रिटनच्या उत्तरेपर्यंत पोचायला, नुसतं बी गळून पडत राहिलं असतं तर, ओकला दहा लाख वर्षांच्या आसपास लागली असती. प्रत्यक्षात तो काही हजार वर्षांत पोचला. त्याला पक्ष्यांनी नेलं. कावळ्याच्या कुळातला युरेशियन जे हा पक्षी एका शरदात हजारो बिया गोळा करतो, घशात चार-पाच भरून दूरवर नेतो आणि एकेक करून मऊ मातीत, गवत विरळ असेल तिथे पुरतो. किडलेलं, हलकं बी तो घेत नाही. नेदरलँडमध्ये बॉसेमा यांनी या पक्ष्याचा आणि ओकचा संबंध बारकाईने अभ्यासून १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातलं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळं रोप दिसलं की पक्षी ते चोचीत धरून वर खेचतो आणि मातीतली दलं काढून खातो. रोप बहुधा वाचतं. तोवर मूळ एवढं खोल गेलेलं असतं की ते उपटलं जात नाही, आणि दलांतला बराचसा साठा त्या मुळात उतरलेला असतो. पक्ष्याला त्याचा वाटा मिळतो आणि ओकला नवी जागा मिळते, या सगळ्या व्यवहाराला तारण आहे ते सोटमुळाचं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या मंक्स वुड या जुन्या वनाला लागून सुमारे चार हेक्टरचं बार्लीचं शेत होतं. १९६१ मध्ये ते मुद्दाम मोकळं सोडलं. कुणी काही लावलं नाही. आधी काटेरी झुडपं आली, त्यांच्या आडोशाला हरणा-सशांपासून वाचत पक्ष्यांनी आणि उंदरांनी पुरलेले ओक वर आले. साठ वर्षांनी तिथे छत मिटलेलं वन होतं आणि त्यातली निम्म्याहून जास्त झाडं ओकची होती. २०२१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मनीच्या पाइनवनांत काही वनाधिकारी याच्याही पुढे जातात. खांबांवर उघड्या पेट्या लावून त्यांत निवडक बी भरून ठेवतात आणि पेरणी त्या पक्ष्यावर सोपवतात.

कुमाऊंतल्या बांजवनांतही युरेशियन जे आहे, काळ्या डोक्याचा त्याचा भाऊही आहे. तरी तिथे नुसतं सोडून देणं पुरेल असं मी म्हणणार नाही. मंक्स वुडला शेजारी मातृवृक्ष होते आणि वणवा नव्हता. चीडने व्यापलेल्या उतारावर बांजाचं मोठं झाड कित्येकदा जवळपास नसतं, जमिनीवर पिरूळ म्हणजे चीडच्या वाळक्या सुयांचा जाड थर असतो आणि दर काही उन्हाळ्यांनी तो पेटतो. तिथे माणसाचा हात लागणारच. त्या हाताने पक्ष्याचं काम करावं, म्हणजे भरीव बी निवडावं, लगेच न्यावं, विखरून आणि पुरून लावावं. पाण्यात टाकल्यावर तरंगणारं बी बहुधा भुंगेऱ्याच्या अळीने पोखरलेलं असतं, ते बाजूला काढावं. मातीने भरलेल्या पिशव्यांची रोपं पाठीवर घेऊन चढणारा माणूस एका खेपेत थोडीच रोपं नेऊ शकतो. झोळीत किलोभर बी घेतलं तर त्यात काहीशे झाडांची शक्यता असते. रस्त्यापासून दूरच्या, खऱ्या गरजेच्या उतारांवर रोपं पोचतच नाहीत, लागवड रस्त्याच्या कडेने होत राहते, याचं एक साधं कारण हे वजन आहे.

या पद्धतीला जे आक्षेप घेतले जातात ते पोकळ नाहीत. सर्वांत मोठा उंदरांचा. युरोपात बी पेरण्याचे प्रयोग फसले ते बहुतेक उंदरांनी आणि रानडुकरांनी. हिमालयात त्यांच्या जोडीला लंगूर, साळिंदर, उडत्या खारी आणि अस्वलं आहेत. पेरलेल्या शंभरातलं फार थोडं झाड होतं, हे मान्य करूनच पेरायला हवं. त्यात एक खरा पेच आहे. काटेरी किनगोडच्या झुडपात पेरलं तर शेळ्या आणि गुरं पोचत नाहीत, सावली मिळते, जमीन ओली राहते. पण उंदीर राहतात तेही तिथेच, ससाण्या-घुबडांच्या नजरेआड. उघड्यावर पेरलं तर उंदीर कमी आणि गुरं, ऊन जास्त. स्पेनमध्ये ग्रानाडाच्या संशोधकांनी बियाभोवती बसवायची छोटी दुतोंडी डबी तयार केली, वरून कोंब आणि खालून मूळ जाऊ शकेल पण उंदराचा दात लागणार नाही अशी. जाळीचा तुकडा वापरूनही असं काही करता येईल. पण पेचाचं खरं उत्तर जागा पाहूनच मिळतं. या उतारावर उंदरांची बिळं किती, गुरं कुठल्या वाटेने येतात, दुपारचं ऊन कुठल्या खडकाच्या आड थांबतं, हे तिथे रोज जाणाऱ्या माणसाला माहीत असतं. देहरादूनच्या कार्यालयात तयार झालेल्या अंदाजपत्रकात ते लिहिता येत नाही.

दुसरा आक्षेप बहराचा. ओकला दरवर्षी सारखं बी येत नाही. दोन-चार कमी सालांनंतर एखादं साल असं येतं की डोंगरच्या डोंगर एकदम बहरतो आणि खाणारे खाऊन थकतात. उरलेलं बी रुजतं ते त्या साली. वनीकरणाची उद्दिष्टं मात्र दर आर्थिक वर्षी ठरलेल्या आकड्यात येतात. ओकच्या सालाप्रमाणे पैसा थांबवून ठेवायची आणि बहर आला की खर्चायची सोय आपल्या नियमांत असायला हवी. ती नाही म्हणून झाडाने आपलं साल बदलावं, ही अपेक्षा फोल आहे.

आणि आता मोजणीबद्दल, कारण अडचणीचं मूळ मला तिथे दिसतं. महाराष्ट्रात २०१६ साली १ जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१९ च्या पावसाळ्यात उद्दिष्ट ३३ कोटींवर गेलं. असे आकडे रोपांचेच असू शकतात. रोप मोजता येतं, त्याचं देयक निघतं, मंत्र्यांच्या हस्ते लावतानाचं छायाचित्र येतं. पुरलेलं बी कुणाला दाखवणार? पहिल्या वर्षी वीतभर रोप कमरेएवढ्या गवतात पाहणी करणाऱ्याला दिसतही नाही, आणि पेरणी फसली असा शेरा पडतो. उत्तराखंड विधानसभेत २०२५ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या कॅगच्या अहवालात भरपाई वनीकरणाच्या निधीतून लावलेल्या रोपांपैकी जेमतेम एक तृतीयांश जगल्याचं नोंदवलं आहे, तर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचा निकष ६० ते ६५ टक्क्यांचा आहे. हे आकडे सगळ्या जातींचे मिळून आहेत, बांजाचे वेगळे नाहीत. पण रोप लावलं म्हणजे झाड लागलं, हा जो विश्वास रोपांच्या पद्धतीच्या बाजूने सांगितला जातो, त्याला काय आधार उरला? मेलेल्या दोन तृतीयांश रोपांची पिशवी, माती, दोन वर्षांचं पाणी, वाहतूक आणि खड्डा यांचा खर्च झालेलाच आहे. बियांतलं नुकसान आकड्याने मोठं आणि पैशाने लहान असतं. शिवाय बियांत मरतं ते बहुतांशी पहिल्या दोन वर्षांत, आणि त्यानंतर जे उरतं ते त्या जागेच्या उन्हातून आणि दगडातून स्वतःची वाट काढून उरलेलं असतं.

रोपवाटिका बंद करा असं माझं म्हणणं नाही. जिथे मातृवृक्षच मैलोगणती उरलेला नाही, जिथे दरड कोसळून नुसता मुरूम उघडा पडला आहे, जिथे बी कमी आणि उंदीर अनावर, तिथे रोप लावावं, लांब पिशवीत वाढवलेलं आणि कमी वयाचं. पण ती अपवादाची जागा आहे.

पेरलेलं बी रुजल्यावरही बांजाच्या रोपाला गुरांइतकाच धोका विळ्याचा. पावसाळ्याच्या अखेरीस बायका उतारावरचं गवत कापतात आणि गवतात उभं असलेलं कोवळं रोप त्याबरोबर जातं, कुणाच्या मनात नसताना. खात्याने नेमलेल्या मजुराने बी पेरलं तर ते कुठे आहे हे गवत कापणारीला कळणार कसं? पेरणारी आणि कापणारी एकच असेल तर तिचा हात तिथे आपोआप थांबतो. बांज नसल्याने चाऱ्यासाठी लांब जावं लागतं ते तिला, आटलेल्या धाऱ्याऐवजी दूरवरून पाणी आणावं लागतं तेही तिला. म्हणून हे काम वनपंचायतीकडे आणि तिथेही गवताचा हक्क वापरणाऱ्या बायकांकडे असायला हवं. कुठला उतार गुरांना बंद करायचा, कुठला पाला झाडायचा नाही, किती वर्षांसाठी, हे ठरवायचा अधिकार वनपंचायतीच्या परंपरेत आहेच. त्याला पैशाची जोड हवी, आणि पैसा पेरलेल्या बियांच्या संख्येवर न देता राखणीवर द्यायला हवा, पाचव्या वर्षी आणि पुन्हा दहाव्या वर्षी उतारावर उभी असलेली झाडं मोजून.

सुरुवातीचा थोडा पैसा मात्र वेळेवर लागेल. बांजासाठी तो डिसेंबर ते फेब्रुवारीत गावात पोचलेला असला पाहिजे, बी गळतं तेव्हा. खरसूसाठी जुलैच्या मध्याला, त्याच्या त्या थोड्या दिवसांआधी.